पीजे उखडण्याआधी मोजून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाचोरा–जामनेर नॅरोगेज, म्हणजे आपली पीजे, मार्च 2020 पासून थांबली आहे. 56 किलोमीटरचा हा मार्ग ब्रॉडगेज होऊन पुढे बोदवडपर्यंत जायचा आहे. ब्रॉडगेज यायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवा भराव, नवे पूल आणि नवी स्थानके उभी राहतील तेव्हा शंभर वर्षांहून जुनी एक संपूर्ण मांडणी पुसली जाईल. तिच्यात छोटे दगडी पूल येतात, शेताच्या बांधाला चिकटून गेलेला मुरमाचा भराव येतो आणि वरखेडी, शेंदुर्णी, पहूर येथील बुटके फलाटही येतात. या मार्गाची प्रतिकृती करावी असे अनेकांच्या मनात आहे. शाळा-महाविद्यालयांतूनही विचारणा होते. त्या सर्वांना आपल्या पत्रातून एकच कळकळीचे सांगणे आहे. फोटो आणि आठवणी यांवरून प्रतिकृती होत नाही, ती मापावरून होते. ही मापे घ्यायला फार दिवस उरलेले नाहीत.

मापे घ्यायची ती अशी. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, तिला दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून लाल-पांढरा रंग द्या आणि ती प्रत्येक फोटोत भिंतीला टेकवून उभी करा. फोटो तिरका काढू नका. कॅमेरा भिंतीच्या मध्यावर, भिंतीला काटकोनात धरा, म्हणजे पुढे त्या पट्टीवरून खिडकीची उंचीसुद्धा काढता येते. दगडी बांधकाम असेल तर दगडांचे थर मोजा आणि एका थराची उंची टेपने घ्या, बाकीची उंची गुणाकाराने निघते. पुलाला दोन खांबांमधले अंतर, खांबाची जाडी, तुळईची खोली आणि पात्रापासून रुळापर्यंतची उंची ही चार मापे पुरतात. रुळाची उंची, स्लीपरची लांबी-रुंदी आणि दोन स्लीपरांमधले अंतर किमान पाच ठिकाणी घ्या, कारण दुरुस्तीत बदललेले तुकडे सगळीकडे सारखे नसतात. गाडी बंद असली तरी जागा रेल्वेची आहे. स्टेशन मास्तर किंवा विभागीय कार्यालयाची परवानगी घेऊनच आत जावे.

आता प्रमाण. पीजेच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर. जगभर सर्वाधिक वापरात असलेले 1:87 हे प्रमाण (प्रत्यक्षातले 87 मिलिमीटर म्हणजे प्रतिकृतीत एक) धरले तर ते पावणेनऊ मिलिमीटर येते. बाजारात 9 मिलिमीटर गेजचे रूळ आणि इंजिनाचे सांगाडे तयार मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही. पीजेच्या प्रतिकृतीला ही मोठी सोय आहे. ब्रॉडगेजचे तसे नाही. 1676 मिलिमीटर भागिले 87 म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटर आणि तयार रूळ मिळतात साडेसोळाचे. त्यावर भुसावळची गाडी उभी केली की चाके आत ओढल्यासारखी दिसतात. म्हणून पाचोऱ्याची मुख्य लाइन दाखवायची असेल तर फक्त साठ-सत्तर सेंटिमीटर दाखवावी, तिथले रूळ हाताने सव्वाएकोणीस मिलिमीटरवर बसवावेत आणि त्या लाइनवर गाडी चालवूच नये.

56 किलोमीटर भागिले 87 म्हणजे जवळजवळ 644 मीटर. एवढी जागा कुणाकडेच नसते, तेव्हा निवड करावीच लागते. 120 × 60 सेंटिमीटरच्या चार फळ्या जोडल्या की 4.80 मीटर होतात, म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे 418 मीटर. त्यात एक लहान स्थानक, एक नाला-पूल, थोडी शेते आणि एका टोकाला इंजिन पुढून मागे घ्यायची जोडलाइन, इतकेच बसवावे. पाचोरा, शेंदुर्णी, पहूर आणि जामनेर एकाच फळीवर कोंबण्याचा मोह फार होतो. पण पीजेचे खरे रूप दोन स्थानकांमधल्या मोकळ्या रानात आहे. स्थानकांची गर्दी केली की ते रानच नाहीसे होते.

पाहणारा कुठे उभा राहील हे फळी कापण्याआधी ठरवा. तो उत्तरेला उभा राहून दक्षिणेकडे पाहतो असे धरले तर मागे अजिंठ्याची रांग येते, जामनेर डाव्या हाताला आणि पाचोरा उजव्या हाताला. हे उलटे करून चालत नाही, इथला माणूस दोन मिनिटांत ओळखतो. दक्षिणेकडे पाहताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत असते. ती तपकिरी रंगवू नये, करड्या निळ्या रंगात ठेवावी.

लाकडाकडे वळतो. बहुतेक प्रतिकृती इथेच फसतात आणि त्याचे कारण आपले हवामान आहे. 12 मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा प्लाय, खाली 18 × 70 मिलिमीटरच्या पट्ट्यांची चौकट आणि दर 30 सेंटिमीटरला एक आडवी पट्टी. प्लायला वरून, खालून आणि चारही कडांना प्रायमरचे दोन हात द्या. कडा सोडल्या तर वरचा रंग असून नसून सारखाच, कारण ओल कडेतून शिरते. उधईसाठी पाय जमिनीवर थेट ठेवू नयेत, पत्र्याच्या वाट्यांत किंवा फरशीच्या तुकड्यांवर ठेवावेत. फळ्या एकमेकींना जोडायला आठ मिलिमीटरचे बोल्ट आणि दोन बिजागऱ्या वापरा. बिजागरीची पिन काढता-घालता येईल अशी ठेवा, म्हणजे दरवेळी रूळ केसभरही न हलता समोरासमोर येतात. फळीच्या टोकाशी रुळाखाली पितळी स्क्रू बसवून त्यावर रूळ सोल्डर करावा. नुसत्या खिळ्यावर ठेवलेले टोक हाताळताना पहिल्यांदा उचकटते.

मे महिन्यात रूळ वाकडे होतात आणि दोष रुळाला दिला जातो. हिशेब करून पाहा. निकेल-सिल्व्हरचा रूळ 12 अंशांवरून 45 अंशांवर गेला तर 4.80 मीटरला साधारण अडीच मिलिमीटर वाढतो. एवढे चार-पाच सांध्यांत सहज सामावते. खरी गोष्ट ही की त्याच वेळी लाकूड कोरडे पडून आखडते. कोकणात उन्हाळा दमट असतो, तिथे लाकूड बरेचसे जागेवर राहते. खान्देशात उष्णता आणि कोरडेपणा एकदम येतात, रूळ वाढतो आणि फळी आकसते, त्यामुळे दोन्हींचा जोर एकाच ठिकाणी येतो. पावसाळ्यात, लाकूड फुगलेले असताना सांधे घट्ट मिटवून टाकलेली लाइन हमखास उचलली जाते. म्हणून रूळ टाकायचे ते एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, दुपारी. तेव्हा सांधे जवळजवळ मिटलेले असले तरी चालतात. थंडीत फटी पडतील, पण प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर असेल तर गाडी अडत नाही. दुसऱ्या ऋतूत टाकायचेच असतील तर दर मीटरला किमान एक मिलिमीटर फट सोडा.

कूलरचाही विचार करा. खोलीत दिवसा कूलर आणि रात्री बंद, असे दोन महिने चालले की लाकूड रोज फुगते आणि रोज आखडते. त्याने प्लास्टर जमिनीपासून सुटते, रूळ तर बाजूलाच राहिले. प्रतिकृतीच्या खोलीत कूलर नकोच. पत्र्याच्या खोलीतही ती ठेवू नये, तिथले दुपारचे तापमान पीएलए या थ्री-डी छपाईच्या प्लास्टिकला सोसत नाही. ते साठ अंशांच्या आसपास मऊ होते आणि डब्याचे छत बसते. छापील भाग उष्णता सोसणाऱ्या रेझिनचे किंवा एबीएसचे करावेत.

तयार 9 मिलिमीटर रूळ बहुधा दुसऱ्या प्रमाणासाठी, 1:160 साठी बनलेले असतात. गेज जुळते, पण स्लीपर फार दाट असतात. 1:87 मध्ये 65 सेंटिमीटरचे अंतर साडेसात मिलिमीटर होते. तेव्हा हाताने लाइन टाकणे हाच चांगला मार्ग. 1.4 मिलिमीटर उंचीचा रूळ घ्या, 2 मिलिमीटरचा घेऊ नका. 2 मिलिमीटर गुणिले 87 म्हणजे 17 सेंटिमीटरहून उंच रूळ, नॅरोगेजला तो शोभत नाही. 4.80 मीटरला साडेसात मिलिमीटरने 640 स्लीपर लागतात. त्यांतला दर पाचवा, म्हणजे 128, तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्टीचे करा आणि त्यावर रूळ सोल्डर करा, बाकीचे आइसक्रीमच्या काड्या कापून. तांब्याच्या प्रत्येक स्लीपरवर मधोमध कानशीने बारीक खाच पाडायला विसरू नका. एक जरी राहिला तरी दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होतो आणि 128 मधला तो एक शोधण्यात दिवस जातो. म्हणून लावण्याआधीच प्रत्येक पट्टी मल्टिमीटरने तपासावी.

भराव मुरमाचा करा, काळ्या मातीचा नको. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणूनच रेल्वेने मुरूम वापरला. उतार दोनास एक ठेवा, आडवे दोन आणि उभे एक. भरावाच्या दोन्ही बाजूंना माती काढल्याचे लांबट खड्डे असतात, त्यांत पावसाळ्यानंतर पाणी साचते आणि पाणकणीस उगवते. प्रतिकृतींमध्ये हे खड्डे कुणी दाखवत नाही, पण भराव जमिनीतून निघालेला वाटतो तो त्यांच्यामुळेच.

मातीचा रंग आणि पोत यांवर पाहणाऱ्याचा विश्वास बसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शेतातली खरी काळी माती आणून फेविकॉलमध्ये कालवून थापली तर ती पंधरा दिवसांत पापुद्रे धरून उठते. जी फुगण्या-आखडण्याची खोड शेतात, तीच फळीवर. खरी माती वापरावी, पण जाड थर म्हणून नाही. आधी जमीन रंगवून घ्या, त्यावर फेविकॉलचा पातळ हात द्या आणि एक भाग माती व तीन भाग बारीक दगडी भुकटी हे मिश्रण ओढणीच्या कापडातून भुरभुरवा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त नको. माती आधी लोखंडी तव्यावर वीस मिनिटे भाजा, म्हणजे गवताचे बी आणि किडे मरतात. रंग अगदी काळा करू नका. नोव्हेंबरमधली कोरडी काळी जमीन डोळ्याला राखाडी-तपकिरी दिसते, आणि लहान प्रमाणात काळा रंग निर्जीव वाटतो.

आणि चुंबक फिरवा, हे कृपया कुणी टाळू नये. आपल्याकडची वाळू, मुरूम आणि खडी सगळी बेसॉल्टची आहे आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. कागदावर मूठभर नदीची वाळू पसरून त्यावरून चुंबक न्या, काळ्या कणांची दाढी चिकटते. इंजिनाच्या मोटारीतही चुंबकच असते. रुळांमधले हे कण मोटारीत ओढले जातात, गिअरमध्ये बसतात आणि इंजिन आधी आवाज करते, मग अडखळते, मग बंद पडते. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवावे, पिशवी उलटी करून कण टाकून द्यावेत, आणि असे तोवर करावे जोवर काही चिकटत नाही. पाच-सहा वेळा लागतातच.

रुळांमधल्या खडीसाठी क्रशरची भुकटी उत्तम, रंग आयताच जुळतो. 50 मिलिमीटरचा खरा दगड 1:87 मध्ये 0.6 मिलिमीटर होतो. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढाच माल घ्या. कोरडी पसरा, मऊ ब्रशने स्लीपरांच्या मधे सरकवा, मग अल्कोहोल किंवा पाण्यात दोन थेंब भांड्याचे लिक्विड घालून फवाऱ्याने भिजवा आणि नंतरच एक भाग फेविकॉल व तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. आधी न भिजवता गोंद टाकला तर थेंब गोळा होतो आणि खडी त्यावर तरंगत खड्डा पाडते. रूळ बदलायच्या काट्यांच्या हलत्या पात्यांपाशी खडी टाकूच नका, तिथे फक्त रंग द्या. पीजेची खडी बऱ्याच ठिकाणी माती-गवतात अर्धी बुडालेली आहे. मुख्य लाइनसारखी स्वच्छ, टोकदार रास केली तर ती पीजे राहत नाही.

डोंगराच्या बाबतीत घरोघर एकच चूक होते, फळीच्या मागे थर्माकोलचा टोकदार पर्वत उभा राहतो. अजिंठ्याची रांग सपाट माथ्याची आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, त्यामुळे कड्यांच्या आडव्या रेषा एका डोंगरावरून दुसऱ्यावर त्याच उंचीवर सलग जातात. आणि ती दूर आहे. दहा किलोमीटरवरचा अडीचशे मीटर उंच डोंगर, फळीमागच्या रंगवलेल्या पडद्यापासून एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला केवढा दिसला पाहिजे? 250 भागिले 10,000, म्हणजे मीटरला 25 मिलिमीटर. अडीच सेंटिमीटर! एवढाच. मागे तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड उभा करा, कोपरे वळवून घ्या, काटकोन ठेवू नका. त्यावर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापून एकीपुढे एक लावा. मागची फिकट निळी, पुढची थोडी गडद. आकाश वर निळे, पण क्षितिजाजवळ धुळीने पांढुरके. ढग नकोत. बाकी सगळी जमीन सपाट राहू द्या. सपाट जमीन कंटाळवाणी दिसेल म्हणून टेकड्या घालणे म्हणजे खान्देश सोडून दुसराच मुलूख उभा करणे.

नाल्याच्या काठासाठी आणि भरावाच्या गाभ्यासाठी थर्माकोल चालतो. त्यावर स्प्रे पेंट, थिनर किंवा रबरी गोंद लावला की तो विरघळतो, म्हणून पांढरा गोंदच लावा. दोन जाड तुकड्यांमध्ये पांढरा गोंद हवा न मिळाल्याने आठवडेच्या आठवडे ओला राहतो, तेव्हा बांबूच्या काड्या आरपार टोचून तुकडे धरावेत आणि गोंद फक्त कडांना लावावा.

एकच ऋतू ठरवा आणि तो सोडू नका. आमचे मत नोव्हेंबरच्या बाजूने आहे. कपाशी फुटलेली, दादर (रब्बीची ज्वारी) गुडघ्याएवढी हिरवी, बांधावरचे गवत पिवळे पडू लागलेले, नाल्यात थोडे पाणी आणि आकाश स्वच्छ. पळस फुललेला दाखवायचा तर तो फाल्गुनात, मग कपाशी काढून टाकावी लागते. फुललेला पळस आणि फुटलेली कपाशी शेजारी-शेजारी दिसली की शेतकऱ्याचे लक्ष गाडीवरून उडते.

केळीची बाग दीड मीटर बाय दीड मीटर लावली तर झाडांमधले अंतर 17 मिलिमीटर येते. 30 × 20 सेंटिमीटरच्या तुकड्यात सुमारे दोनशे झाडे, झाडाला आठ पाने धरली तर सोळाशे पाने. घाबरण्याचे कारण नाही, बाहेरच्या दोन ओळींनाच पूर्ण पाने लागतात, आतल्या झाडांना वरची चार पुरतात. खोड म्हणजे अगरबत्तीची काडी, तिला पातळ कागदाची पट्टी गुंडाळून अडीच-तीन मिलिमीटर जाड करायची आणि खालच्या भागाला तपकिरी सुकल्या सोपटाचा रंग द्यायचा. पान 20 मिलिमीटर लांब, 6 रुंद. कागद दोन्ही बाजूंनी आधीच रंगवा, वरून पोपटी आणि खालून पांढुरका. मधोमध घडी घालून अर्धे पान कापा, उघडले की शीर आपोआप येते. जुन्या पानांना कात्रीने कडेपासून शिरेपर्यंत तीन-चार चिरा द्या, वाऱ्याने फाटल्यासारख्या, आणि ते पान खोडाला समांतर खाली वाकवा. सर्वांत वरचे एक पान उलगडायचे राहिलेले, सुरळीसारखे ठेवा. झाडांच्या ओळीने काळा शिवणदोरा टाका. ठिबकची 16 मिलिमीटरची नळी या प्रमाणात 0.2 मिलिमीटर होते, दोरा नेमका तेवढाच असतो. बागेच्या कडेला वाऱ्याचा आडोसा म्हणून शेवरीची दाट ओळ हवी. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) दोन्ही दाखवायच्या असतील तर त्यांची उंची वेगळी ठेवा, नोव्हेंबरात कांदेबाग नुकतीच लावलेली असते, जमिनीलगत.

कपाशीला ओळींतले अंतर 10 ते 14 मिलिमीटर, झाडाची उंची 12 ते 14. बोंडासाठी खरा कापूस लावू नका, त्याचे तंतू या प्रमाणात दोरखंड दिसतात. रवा आकाराने जुळतो, पण त्याला पोरकिडे आणि मुंग्या लागतात. पांढरी रांगोळी घ्या. तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे प्रत्यक्षात चार सेंटिमीटरचे फुटलेले बोंड. झाडावर गोंदाचा हलका फवारा मारून वरून चिमटीने सोडा, आणि खालच्या मातीवरही चार कण पडू द्या. दादरसाठी आणि बांधावरच्या गवतासाठी सुतळी उत्तम. कापडाच्या रंगात रंगवून, वाळवून, 4-5 मिलिमीटरचे तुकडे करून झुबक्याने लावा.

झाडे कमी लावा. जुन्या वायरचे तांब्याचे वीस-पंचवीस तार पिळून खोड करा आणि वर फांद्या मोकळ्या सोडा. निंब दहा मीटर धरला तर 115 मिलिमीटर, दाट आणि गोलसर. बाभूळ 60-70 मिलिमीटर आणि विरळ, तिच्यातून पलीकडचे आकाश दिसले पाहिजे. पाल्यासाठी गादीचा स्पंज मिक्सरमध्ये रंगासह बारीक करतात, पण खिडकीतल्या उन्हात तो काही वर्षांत पिठासारखा झडतो, म्हणून खिडकीला पडदा लावावा.

इमारती एक-दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या कराव्यात, घेतलेल्या मापाने. नालीदार पत्र्याची लाट 76 मिलिमीटरची, म्हणजे इथे 0.87. पाच मिलिमीटर बोल्टचे आटे 0.8 मिलिमीटरवर असतात. मिठाईच्या अॅल्युमिनियम डब्याचा पत्रा रबरावर ठेवून त्यावरून असा आटेवाला गज दाबून फिरवला की हुबेहूब नाली उमटते. रेषा किंचित तिरक्या येतात, तेव्हा पत्रा रेषेला समांतर कापावा. गाव दाखवायचे तर धाब्याची घरे करा. माथा सपाट, पण पाणी जायला एका बाजूला थोडा उतार आणि तिथे पन्हाळ. कौलारू घरांचा संच बाजारात मिळतो म्हणून तो लावू नये.

नाल्यातल्या पाण्यासाठी इपॉक्सी एका वेळी तीन मिलिमीटरहून जास्त ओतू नये. मे महिन्यात ते स्वतःच्या उष्णतेने लवकर तापून तडकते, पावसाळ्यात चिकट राहते, म्हणून हिवाळा बरा. ओतण्याआधी पात्राला वार्निशचे दोन हात द्या, नाहीतर ते खालच्या बोल्टांपर्यंत झिरपते. विजेचे थोडक्यात: 12 व्होल्ट डीसी, फळीखालून 0.75 चौरस मिलिमीटरची मुख्य वायर आणि दर मीटरला रुळाला जोड. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर लावला की ओरखड्यांत आपली धूळ कायमची बसते. पीजेचे इंजिन तयार मिळत नाही, 9 मिलिमीटर सांगाड्यावर मापाने छापलेली बॉडी बसवावी लागते. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे थ्री-डी प्रिंटर असतोच. डबे आणि इंजिन मोजून विद्यार्थ्यांनी त्याचे आरेखन केले तर यंत्राचा याहून चांगला उपयोग नाही.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली रेल्वेच्या भुसावळ विभागाला, आपल्या पत्राच्या मार्फत: या मार्गाचे यार्ड प्लॅन (स्थानकांतल्या लाइनींचे नकाशे), इंडेक्स सेक्शन (मार्गाच्या चढ-उतारांचे आलेख) आणि पुलांच्या नोंदवहीतील पाचोरा–जामनेरची पाने स्कॅन करून शाळा-महाविद्यालयांना पाहायला मिळावीत आणि स्थानके पाडण्यापूर्वी मोजणीसाठी ठरावीक दिवशी परवानगी द्यावी. दुसरी वाचकांना: घरी पीजेचे जुने फोटो असतील तर त्यांवर वर्ष, स्थानक आणि फोटो कोणत्या बाजूने काढला ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. फोटोत डब्याशेजारी माणूस उभा असेल तर त्याची उंचीही लिहा, पट्टी नसलेल्या फोटोला तेवढेच एक माप असते. आपण असे फोटो क्रमाने छापलेत तर मोजणी करणाऱ्यांना पहूरच्या फलाटावर टेप धरण्याआधीच कळेल की काय शिल्लक आहे आणि काय आधीच गेले.

आपले,
रेल्वे-प्रतिकृती बनवणारे पाचोरा, जामनेर व भुसावळ येथील काही वाचक